टाकीत सोडलेला ‘सफाईवाला’ मासा आठ दिवसांत का मरतो? कोरीडोरस घरी आणण्याआधी हे वाचा

तालुक्याच्या बाजारपेठेत मोबाईलच्या दुकानाशेजारी आता फिश टँकचं दुकानही दिसायला लागलंय. वास्तुशांत असो नाहीतर पोराचा वाढदिवस, काचेची टाकी भेट म्हणून घरात येते. रंगीत मासे पिशवीत भरून झाले की शेवटी दुकानदार सल्ला देतो, “एक सफाईवाला पण घेऊन जावा, तळाची घाण खातो.” मग पिशवीत एक बारका, मिशीवाला मासा पडतो. पहिल्या दिवशी तो काचेला धरून खालून वर, वरून खाली नुसता धावत असतो. पोरं खूश. चौथ्या-पाचव्या दिवशी तोच मासा कोपऱ्यात निपचित पडतो आणि आठवडा संपायच्या आत मरतो. घरात एवढंच म्हणतात, “मासाच नाजूक होता.”

हा मासा नाजूक नाही. त्याचं नाव कोरीडोरस, दुकानात नुसतं ‘कोरी’. नीट बसवला तर तो पाच ते दहा वर्षं जगतो. घरात आणलेली शेळीसुद्धा इतकी वर्षं दावणीला राहत नाही. तो मरतो तो बहुतेक वेळा घाईमुळे. मासा आणण्याआधीचा एक महिना आणि आणल्यानंतरचे आठ दिवस, एवढ्यात त्याचं जगणं-मरणं ठरतं. त्या काळात काय करायचं आणि का करायचं, ते समजून घेऊ.

हा मासा आहे तरी कोण?

कोरीडोरस मूळचा दक्षिण अमेरिकेचा. ॲमेझॉन, ओरिनोको अशा मोठ्या नद्यांच्या खोऱ्यांतले ओढे, पाणथळ जागा आणि वाळूचे उथळ काठ हे त्याचं घर. तो मार्जारमाशांपैकी, म्हणजे आपल्याकडच्या शिंगाळ्याचा लांबचा भाऊबंद. पण शिंगाळा दुसरे मासे खातो आणि मोठा होतो. हा बोटाएवढाच राहतो आणि कुणाच्या वाटेला जात नाही.

त्याच्या अंगावर नेहमीचे खवले नसतात. दोन्ही बाजूंना हाडाच्या पट्ट्यांच्या दोन-दोन रांगा असतात, चिलखत घातल्यासारख्या. तोंडाजवळच्या मिशांनी तो वाळूत खाणं शोधतो. डोळा खाली फिरवू शकत असल्यामुळे डोळा मारल्यासारखा वाटतो, पोरांना याची मोठी गंमत वाटते.

दुकानात याचे तीन-चार प्रकार जास्त दिसतात. ब्राँझ कोरी सहा-सात सेंटिमीटरचा, तपकिरी-हिरवट झाक असलेला. पांढरा, लाल डोळ्यांचा ‘अल्बिनो’ हा बहुतेकदा त्याचाच प्रकार. पांढरे ठिपके आणि बाजूचे नारिंगी पंख असलेला स्टर्बाय. डोळ्यावर काळा पट्टा असलेला पांडा. आणि राखाडी ठिपक्यांचा पेपर कोरी. या पेपर कोरीचे नमुने चार्ल्स डार्विनने ‘बीगल’ जहाजाच्या सफरीत गोळा केले होते आणि १८४२ साली लिओनार्ड जेनिन्स यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी या मोठ्या गटाची फोड करून अनेक जातींना नवी नावं दिली. ब्राँझ कोरीचं शास्त्रीय नाव आता ऑस्टिओगॅस्टर एनिया असं आहे. दुकानात मात्र सगळे अजून कोरीच.

सोलापूर जिल्ह्यासारख्या उष्ण भागात कोणता घ्यावा, हा प्रश्न महत्त्वाचा. पेपर कोरी अर्जेंटिना, उरुग्वे या बाजूच्या थंड पाण्यातला, त्याला आपला उन्हाळा सोसत नाही. पांडालाही गारवाच मानवतो. स्टर्बाय २४ ते २८ अंशांच्या कोमट पाण्यात चांगला राहतो आणि ब्राँझ सगळ्यात काटक. पहिल्यांदा पाळणाऱ्यानं ब्राँझ नाहीतर स्टर्बाय घ्यावा. गुलाबी, निळा, हिरवा असा भडक रंग दिसला तर तो टोचून भरलेला असू शकतो. असा मासा आधीच अर्धमेला असतो, तो घेऊ नये.

‘घाण खातो’ हा पहिला गैरसमज

कोरी माशांची विष्ठा खात नाही. काचेवरचं हिरवं शेवाळही खात नाही. तो तळाला पडलेलं खाणं, वाळूतले किडे-अळ्या शोधून खातो. म्हणजे तो सफाई कामगार नाही, खाली बसून जेवणारा पाहुणा आहे. वरच्या माशांनी सगळं खाणं वरच्या वर संपवलं तर खालचा उपाशी राहतो. ‘सफाईवाला’ म्हणून आणलेले अनेक कोरी असेच भुकेनं खंगून जातात आणि मालकाला वाटतं, याला खायला द्यायचीच गरज नाही.

त्याच्या येण्यानं टाकीतली घाण कमी होत नाही, उलट एका माशाच्या विष्ठेची भर पडते. ती घाण काढण्याचं काम फिल्टरचं आणि माणसाचं.

टाकी आधी ‘पिकवा’, मग मासा आणा

शेतकऱ्याला हे सांगायला फार वेळ लागत नाही. शेतात युरिया टाकला की पिकाला तो लगेच लागू होत नाही. मातीत आधी त्याचा अमोनिया होतो, मग जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, त्यानंतर नायट्रेट होतं आणि ते मुळं उचलतात. काचेच्या टाकीत हीच साखळी चालते. माशाची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया तयार होतो. तो माशाचे कल्ले जाळतो. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते त्या मानानं निरुपद्रवी.

हे जिवाणू नव्या टाकीत नसतात. ते फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर हळूहळू वाढतात आणि त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नवीकोरी टाकी, स्वच्छ काचेसारखं पाणी आणि त्याच दिवशी सोडलेले मासे, यात मासे पाण्यात न दिसणाऱ्या विषात पोहत असतात. कोरी तळाशी, कुजणाऱ्या खाण्याच्या जवळ राहतो, त्यामुळे त्याला झळ आधी बसते.

म्हणून टाकीत पाणी भरून फिल्टर चालू करायचा आणि मासे न सोडता रोज चिमूटभर खाणं टाकायचं. ते कुजून अमोनिया होतो आणि जिवाणूंना खाद्य मिळतं. पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ झालं तर घाबरून सगळं ओतून देऊ नये, ते आपोआप निवळतं. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवावा. दह्याला विरजण लावावं तसं काम होतं आणि वेळ वाचतो.

टाकी तयार झाली की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी थेंब टाकून रंग बघायचं टेस्ट किट मिळतं. अमोनिया शून्य आणि नायट्राइट शून्य आलं की टाकी पिकली. मातीपरीक्षण न करता खत टाकू नये म्हणतात, तसंच हे.

पाणी : नळाचं, बोअरचं की आरओचं?

ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असते. तिच्यातलं क्लोरीन माणसाचं पोट सांभाळतं, पण माशाचे कल्ले जाळतं आणि टाकीतले उपयोगी जिवाणूही मारतं. पावडर कधी कमी पडते, कधी जास्त, त्यामुळे अंदाजावर जाऊ नये. पाणी उघड्या बादलीत किमान २४ तास ठेवावं, त्यात हवेचा दगड सोडला तर आणखी बरं. दुकानात क्लोरीन मारायचं औषध मिळतं, त्यातही सहसा सोडियम थायोसल्फेटच असतं.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं, पण ते जड असतं आणि जमिनीतून आल्या आल्या त्यात प्राणवायू कमी असतो. ते रात्रभर हवेवर ठेवावं. दुकानात मिळणारे बरेचसे ब्राँझ कोरी मत्स्यपालन केंद्रांत वाढलेले असतात, ते मध्यम जड पाण्याला सरावतात. फक्त बदल हळू व्हायला हवा. फार खारट बोअर असेल तर त्यात थोडं आरओचं पाणी मिसळावं. नुसतं आरओचं पाणी मात्र वापरू नये, त्यात क्षार जवळपास उरलेलेच नसतात.

एक गोष्ट शेतकरी कुटुंबांनी कटाक्षानं पाळावी. फवारणीच्या औषधाचा ड्रम, बादली, मग टाकीच्या पाण्यासाठी कधीच वापरू नये, कितीही धुतला तरी. सायपरमेथ्रीनसारखी कीटकनाशकं माणसाला जाणवणारही नाहीत इतक्या कमी प्रमाणात माशाला मारतात. फवारून आल्यावर हात टाकीत घालू नयेत. घरात डास मारायचा स्प्रे मारायचा असेल तर आधी टाकी झाकावी आणि एअर पंप थोडा वेळ बंद ठेवावा. पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, हे लक्षात राहत नाही.

खाली वाळू, खडी नको

कोरी तोंडानं वाळू उचलतो, त्यातलं खाणं वेचतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून बाहेर टाकतो. सूप पाखडल्यासारखं हे काम दिवसभर चालतं. तळाला टोकदार रंगीत खडी असेल तर मिशा घासून झिजतात, जखम होते, त्यात जंतुसंसर्ग होतो. मिशा आखूड झालेला कोरी म्हणजे चुकीच्या तळाचा किंवा घाण तळाचा मासा.

यासाठी बारीक, गुळगुळीत दाण्याची वाळू लागते. बांधकामाला आता सगळीकडे येते ती क्रश सँड चालत नाही, ती दगड फोडून केलेली असते आणि तिचे दाणे धारदार असतात. समुद्राची वाळूही नको, तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो आणि पाणी आणखी जड होतं. वाळूवर लिंबू पिळून बघावं, फेस आला तर ती टाकीच्या कामाची नाही. चांगली वाळू बादलीत घेऊन पाणी निवळ होईपर्यंत पंधरा-वीस वेळा धुवावी आणि दीड-दोन इंच पसरावी.

लपायला जागा हवी. धार घासलेला मातीच्या कुंडीचा अर्धा तुकडा, गुळगुळीत गोटे, दोन-चार पाणवनस्पती एवढं पुरतं. पुढचा भाग मात्र मोकळा ठेवावा, या माशाला पळायला मैदान लागतं.

एकटा आणू नका

कोरी कळपानं राहणारा मासा आहे. एकटा ठेवला की तो दिवसभर लपून बसतो, नाहीतर काचेला डोकं घासत फिरतो. एकाच जातीचे किमान सहा घ्यावेत. एक ब्राँझ, एक पांडा, एक पेपर असा मिसळा केला तर त्याला कळप म्हणत नाहीत.

सहा ब्राँझ कोरीसाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकी, म्हणजे साधारण ७० लिटर, ही सुरुवात. या माशाला उंचीपेक्षा तळ महत्त्वाचा, त्यामुळे उंच गोल बरणी उपयोगाची नाही. एवढी जागा किंवा सहा मासे घेण्याएवढं बजेट नसेल, तर कोरी न घेता गप्पी ठेवावेत. त्यात कमीपणा काही नाही.

दुकानातून घरापर्यंत

मासा निवडताना घाई करू नये. मिशा लांब आणि सारख्या आहेत का, पोट आत गेलेलं तर नाही ना, पोटावर लाल डाग नाहीत ना, पाठीचा पंख ताठ आहे का, हे बघावं. दुकानात आजच माल आला असेल तर आठ दिवसांनी जावं. प्रवासानं दमलेले मासे त्या आठ दिवसांत तिथंच जातात किंवा सावरतात. दुकानदाराला खाणं टाकायला सांगावं, खाणारा मासा घ्यावा.

कोरीच्या पाठीच्या आणि बाजूच्या पंखांना ताठ काटे असतात. घाबरला की तो काटे बाहेर काढून घट्ट करतो. हे काटे जाळीत अडकतात आणि ओढून काढताना मासा जखमी होतो. त्यामुळे जाळीऐवजी प्लॅस्टिकच्या डब्यानं पकडायला सांगावं. हातात धरू नये, काटा टोचला की चांगलाच झोंबतो. फार घाबरलेले काही कोरी अंगातून विषारी द्रव सोडतात आणि बंद पिशवीत सगळेच मासे मरू शकतात. सहा मासे एका पिशवीत कोंबू नयेत, दोन-तीन पिशव्या कराव्यात. पिशवीत पाणी कमी आणि हवा जास्त असावी. मोटारसायकलच्या हँडलला उन्हात लटकवून आणू नये. थर्माकोलच्या डब्यात किंवा ओल्या गोणपाटात गुंडाळून, सकाळी किंवा संध्याकाळी आणावं.

टाकीत सोडताना

नवा बैल बाजारातून आणला तर त्याला लगेच जुन्या जोडीत जुंपत नाहीत. आधी वेगळा बांधतात, चारापाणी बघतात. इथंही तसंच. ज्यांच्या टाकीत आधीपासून मासे आहेत त्यांनी नवे कोरी दोन ते चार आठवडे वेगळ्या टबात ठेवावेत. टबाला छोटा स्पंज फिल्टर आणि लपायला एखादा पाईपचा तुकडा असला की झालं. हा स्पंज आधी महिनाभर मोठ्या टाकीत ठेवलेला असेल तर टबसुद्धा पिकलेला मिळतो. रोग असेल तर तो टबातच दिसतो.

सोडायची पद्धत अशी :

१. टाकीची लाईट बंद करावी. बंद पिशवी पाण्यावर १५ ते २० मिनिटं तरंगत ठेवावी, म्हणजे आतलं-बाहेरचं तापमान सारखं होतं.

२. पिशवी उघडून मासे पिशवीतल्या पाण्यासकट स्वच्छ बादलीत घ्यावेत. टाकीतलं पाणी बारीक नळीनं बादलीत थेंब-थेंब सोडावं. सलाईनचा नवा सेट यासाठी उत्तम, त्याच्या चाकानं थेंब कमी-जास्त करता येतात. अर्ध्या-पाऊण तासात बादलीतलं पाणी दुप्पट ते तिप्पट झालं की पुरे.

३. मासे डब्यानं उचलून टाकीत सोडावेत. बादलीतलं दुकानाचं पाणी टाकीत ओतू नये.

४. त्या रात्री लाईट लावू नये आणि खाणंही देऊ नये. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थोडं द्यावं.

पहिले आठ दिवस : कोणती धावपळ चांगली, कोणती वाईट?

इथंच बहुतेकांचा गोंधळ होतो. नवा कोरी पहिले काही दिवस काचेला धरून वर-खाली पळतो. नवी जागा, नवं पाणी आणि काचेत दिसणारं स्वतःचं प्रतिबिंब याचा तो परिणाम असतो. लाईट कमी ठेवली, कळप असला आणि लपायला जागा असली की तीन-चार दिवसांत तो वाळूत तोंड घालायला लागतो. वाळूत तोंड घातलं म्हणजे मासा रुळायला लागला, असं समजायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट, तो मधूनच बाणासारखा वर जातो, तोंडभर हवा घेतो आणि तसाच खाली येतो. हा आजार नाही. कोरी गिळलेल्या हवेतला प्राणवायू आतड्यातून शोषून घेऊ शकतो. म्हणूनच टाकी काठोकाठ भरून वर काच घट्ट बसवू नये, पाणी आणि झाकण यांच्यात दोन बोटं जागा ठेवावी. पण सगळेच मासे दर मिनिटाला वर जायला लागले तर पाण्यात प्राणवायू कमी आहे किंवा अमोनिया वाढला आहे असं समजावं.

तिसरी गोष्ट, दुपारी सगळे कोरी एकमेकांना टेकून अजिबात न हलता बसतात. पोरं ‘मेला, मेला’ म्हणून काचेवर टिचक्या मारतात. तो विश्रांती घेत असतो, टिचक्या मारू देऊ नयेत.

काळजीची लक्षणं वेगळी. कल्ले भराभर हलणं, पंख अंगाला चिकटणं, कुशीवर पडणं, पोटावर लाली येणं, मिशा झिजणं, कळप सोडून एकटं बसणं. असं दिसलं तर पहिलं काम औषध टाकणं नाही. पहिलं काम अमोनिया आणि नायट्राइट तपासणं आणि २५ ते ३० टक्के पाणी बदलणं. निम्म्याहून जास्त तक्रारी पाण्याच्याच निघतात.

मीठ आणि निळं-हिरवं औषध हा दुकानातला ठरलेला उपाय. गप्पी-मोलीला मीठ चालतं, कोरीला ते फार सोसत नाही. तांबं, फॉर्मेलिन, मॅलाकाइट ग्रीन असलेली औषधंही त्याला जड जातात. आजारी मासा वेगळ्या टबात काढून, कमी मात्रेपासून सुरुवात करावी.

शेजारी कोण चालतील?

वरच्या आणि मधल्या थरात राहणारे शांत मासे चांगले. निऑन टेट्रा, रासबोरा, गप्पी, प्लॅटी यांच्याबरोबर कोरी सुखानं राहतो. गोल्डफिशबरोबर ठेवू नये. त्याला गार पाणी लागतं, तो घाण जास्त करतो आणि मोठा गोल्डफिश छोटा कोरी गिळायला गेला तर काटा घशात अडकून दोघंही मरू शकतात. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न तर अजिबात नको. पोरांनी ओढ्यातून पकडून आणलेलं मरळीचं किंवा शिंगाळ्याचं पिल्लू या टाकीत सोडू नये. आठवड्यात टाकीत ते एकटंच उरेल.

खाणं, पाणी बदलणं

बुडणारी गोळी किंवा चकती, तीही लाईट बंद केल्यावर द्यावी, तेव्हा वरचे मासे शांत झालेले असतात. आठवड्यातून एक-दोनदा गोठवलेल्या ब्लडवर्म अळ्या द्याव्यात. जिवंत ट्युबिफेक्स गटारासारख्या पाण्यात वाढतात, त्यातून रोग येतो, ते टाळलेलं बरं. सकाळी तळाला खाणं शिल्लक दिसलं तर मात्रा कमी करावी.

दर आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदलावं. सगळं पाणी एकदम काढून टाकी घासणं म्हणजे पिकलेलं शेत नांगरून टाकणं. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, नाहीतर क्लोरीननं जिवाणू मरतात आणि सगळं पहिल्यापासून. काढलेलं पाणी फेकू नये. त्यात नायट्रेट असतं, कुंडीतल्या मिरचीला, तुळशीला ते चांगलं लागू होतं.

उन्हाळा आणि गेलेली लाईट

आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी पार करतो. पत्र्याच्या घरात टाकीचं पाणी ३२-३३ अंशांवर जाऊ शकतं. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी. टाकी पश्चिमेच्या भिंतीला किंवा खिडकीत ठेवू नये. दुपारी झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला की पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, पण मग मासा बाहेर उडी मारू नये म्हणून वर जाळी लावावी. बंद बाटलीत पाणी गोठवून ती तरंगत ठेवता येते, सुटा बर्फ टाकू नये. तापमान हळूहळू उतरायला हवं.

लाईट गेली की फिल्टर बंद. दोन-तीन तासांनी मोठं नुकसान होत नाही, पण रात्रभर गेली तर स्पंजमधले जिवाणू प्राणवायूविना मरायला लागतात. बॅटरीवर किंवा पॉवर बँकेवर चालणारा छोटा एअर पंप घरात असावा. तो नसेल तर मगानं पाणी वरून ओतत राहावं. लाईट गेलेली असताना खाणं देऊ नये. फिल्टर फार वेळ बंद राहिला असेल तर चालू करण्याआधी स्पंज टाकीच्या पाण्यात पिळून घ्यावा, नाहीतर आतलं कुजकं पाणी थेट टाकीत येतं.

नकोसा झाला तरी तलावात सोडू नका

कोरीच्या नावाखाली किंवा ‘मोठा सफाईवाला’ म्हणून दुकानात आणखी एक मासा देतात, सकर. काचेला तोंडानं चिकटणारा, खडबडीत पाठीचा. दोन इंचाचा सकर मोठेपणी फूट-दीड फुटाचा होतो. घरच्या टाकीत तो मावत नाही, मग एक दिवस बादलीत घालून विहिरीत, ओढ्यात नाहीतर तलावात सोडला जातो. सोडणाऱ्याला वाटतं, पुण्य केलं.

उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात हा सकर मासा सापडायला लागून काही वर्षं झाली. तो दक्षिण अमेरिकेतला, इथं त्याचा शत्रू नाही. काठाला बिळं करून अंडी घालतो, अंडी राखतो आणि वाढत जातो. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. ज्याचं पोट जाळ्यावर आहे त्याच्या घरात यानं काय होतं, हे काठावरच्या गावांना वेगळं सांगायला नको.

कोरी सकरएवढा मोठा होत नाही, पण नियम दोघांना एकच. दुकानातला परदेशी मासा गावच्या पाण्यात जाता कामा नये, जिवंत नाही आणि त्याच्या टाकीतलं पाणीसुद्धा नाही. ते पाणी कुंडीत किंवा झाडाच्या आळ्यात जिरवावं. मासा ठेवणं जमत नसेल तर दुकानदाराला परत द्यावा किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावा. खरेदी करतानाच दुकानदाराला विचारून ठेवावं, “परत घेणार का?” हो म्हणणाऱ्या दुकानातूनच मासा घ्यावा.